पांढऱ्या रेघांचा मुलूख

फ्रान्सच्या मिशलँ नकाशावर मोठे रस्ते लाल असतात, मधले पिवळे, आणि ज्यांना फारसं कुणी विचारत नाही ते पांढरे. तिथले जुने सायकलवाले त्यांना 'पेतित ब्लाँश' म्हणतात, धाकट्या पांढऱ्या. फ्रेंचमध्ये रस्ता स्त्रीलिंगी, त्यामुळे ते नाव मला नेहमी गोठ्यातल्या गायींना ठेवल्यासारखं वाटतं. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे दोन किलोमीटर. काही रेघांना हिरवी किनार असते, म्हणजे रस्ता देखणा आहे. काही रेघांवर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात. एक खूण म्हणजे पाच ते नऊ टक्के चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा. तीन दिसल्या तर आधी पोटात काहीतरी ढकलून घ्यावं.

हा नकाशा तीन महिने आमच्या पुण्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर अंथरलेला होता. जेवणं ओट्यापाशी उभ्याने उरकली जात होती. नवरा एकदाच म्हणाला, "फोनवर सगळं दिसतं ना?" दिसतं. पण फोन रस्ता सांगतो, आजूबाजूला काय सोडून चाललोय ते सांगत नाही.

फ्रान्सशी माझं जुनं खातं आहे आणि ते तोट्यात आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला गेले होते. रांबुइयेहून निघायचं, ब्रिटनीच्या टोकाला ब्रेस्ट गाठायचं आणि उलट यायचं. बाराशेच्या वर किलोमीटर, नव्वद तास. चार वर्षांतून एकदा होतं हे. त्या वर्षी पुण्या-मुंबईचे, नाशिकचे इतके जण होते की मध्यरात्री मागून "अगं, पाणी आहे का गं?" असं ऐकू आलं तरी दचकायला होत नव्हतं. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या पात्रता राईड, त्याच वर्षी पुऱ्या केल्याशिवाय प्रवेश नसतो, त्यामुळे आम्ही स्वतःला तयारीचे समजत होतो. जाताना समोरून वारा आणि रात्री हाडं कुडकुडवणारी थंडी. आपल्याकडून गेलेल्यांपैकी बरेच जण वेळेत पोचले नाहीत, त्यातली मी एक. परतीच्या वाटेवर लुदेआकच्या कंट्रोलला, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या नाक्याला, पोचले तेव्हा वेळ टळून गेली होती. टेबलापलीकडच्या बाईंनी माझ्या ब्रेवे कार्डाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि शिक्का बाजूला ठेवून सूपचा वाडगा पुढे सरकवला.

त्या तीन दिवसांत मी फ्रान्स पाहिला तो हेडलाइटच्या उजेडात, ताटाएवढा. पण त्या ताटात कधी कधी माणसं यायची. रात्री दोन वाजता घरासमोर टेबल मांडून बसलेली, थर्मासमधली कॉफी आणि क्रेप घेऊन. पैसे घ्यायची नाहीत. एका ठिकाणी एक सात-आठ वर्षांचा मुलगा पायजम्यात उभा होता आणि प्रत्येकाच्या हातावर टाळी देत होता. गावाचं नाव विचारायलाही मी थांबले नाही. ही गावं दिवसा कशी दिसतात, हा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

(जाता जाता: ही शर्यत पहिल्यांदा 1891 मध्ये झाली आणि शार्ल तेराँ नावाच्या माणसाने ती 71 तासांच्या आसपास जिंकली. त्याच्या सायकलला मिशलँ बंधूंचा नवाकोरा, रिमवरून काढता येणारा हवेचा टायर होता. त्याच मिशलँनी 1910 पासून हे नकाशे छापायला घेतले. टायर झिजायचे तर लोकांनी फिरलं पाहिजे, फिरायचं तर नकाशा पाहिजे. धंदा कसा करावा ते यांच्याकडून शिकावं.)

आता कुठे जायचं, हे ठरवताना मी अलियान्स फ्रान्सेझमधल्या, म्हणजे फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेतल्या, माझ्या जुन्या फ्रेंच शिक्षिकेला विचारलं. लुआर नदीच्या काठाने जा म्हणाल्या, राजवाडे आहेत, सायकलचा वेगळा रस्ता आहे, सगळी सोय आहे. मग नकाशावर बोट फिरवताना ते क्रोझ जिल्ह्यावर आलं, तसं त्यांनी ओठ पुढे काढून गालातून हवा सोडली. हे फक्त फ्रेंच लोकांनाच जमतं. "तिथे काही नाही."

जूनमध्ये पॅरिसच्या ओस्तर्लित्झ स्टेशनावरून मी गाडी पकडली. सायकलसाठी आधी जागा राखून ठेवावी लागते. ती हुकाला टांगली आणि सुमारे तीन तासांनी ला सुतरेनला उतरले. देशाच्या जवळजवळ मध्यावर असलेला, ग्रॅनाइटचा, हिरवा, चढउतारांचा प्रदेश. उंच डोंगर नाहीत. मिलव्हाशचं पठार हे इथलं छप्पर, तेही हजार मीटरच्या आतच राहतं. पण सपाट म्हणून शंभर मीटर सलग मिळायचे नाहीत. ओढ्यापाशी उतरायचं, पलीकडे चढायचं, वर गाव, की पुन्हा खाली ओढा. आपल्याकडे घाट एकदा चढला की चढला. इथे घाटाची सुटी नाणी करून दिवसभर हातावर ठेवतात. फ्रेंच सायकलवाल्यांचा यावर एक शब्द आहे, 'कास-पात', तंगड्या मोडणारा.

पहिला दिवस डाव्या-उजव्याचं भान ठेवण्यात गेला. गाड्या उजवीकडून चालतात हे मेंदूला कळतं, मानेला कळत नाही, ती वळताना चुकीच्या बाजूलाच वळते. त्याहून घातक म्हणजे 'प्रियोरिते आ द्रुआत', उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. तुम्ही गावातल्या मुख्य रस्त्यावर असा, उजवीकडच्या बोळातून एखादा ट्रॅक्टर थेट तुमच्या पुढ्यात येतो आणि चूक तुमची असते. पिवळ्या चौकटीची पाटी दिसली तर हक्क आपला, तीच पाटी काट मारलेली दिसली की हक्क संपला. बेनेवाँ लाबेईच्या अलीकडे मी एका गवताच्या गाड्यापासून हातभर अंतरावर थांबले. चालवणाऱ्याने शिवी दिली नाही. त्याने टोपी उचलली. मला शिवी चालली असती.

आणि मग शांतता. तिच्याबद्दल लिहायला मी जरा बिचकते, कारण शांततेवर लिहिणारे लगेच स्वतःच्या आत उतरतात आणि वाचणारा काठावर ताटकळत राहतो. त्यामुळे मोजमाप देते. पहिल्या दिवशी बासष्ट किलोमीटरमध्ये मला अकरा गाड्या भेटल्या. दुसऱ्या दिवशी सात, त्यातल्या दोन एकच होत्या, जाताना आणि येताना. पुण्यात पहाटे साडेचारला निघालं तरी कात्रजपर्यंत एवढ्या मोजून होतात. इथे मागून गाडी आली तर ती आधी एक किलोमीटरवरून ऐकू येते. मग ती मागेच घुटमळते. गावाबाहेर सायकलला दीड मीटर अंतर ठेवून ओलांडायचा नियम आहे, आणि पांढऱ्या रस्त्याची रुंदीच जेमतेम तीन मीटर, म्हणून बिचारा दहा-दहा मिनिटं माझ्या चालीने येतो. शेवटी मीच बाजूला उतरून वाट द्यायचे. तो हात वर करायचा. हा हात दिवसातला निम्मा संवाद असायचा.

गाड्या नसल्या की सायकलचेच आवाज कळायला लागतात. मागच्या गिअरमध्ये कुठेतरी तेल कमी आहे. उजवं पॅडल दर फेऱ्याला 'टिक' करतं. पुण्यात हे पॅडल तीन वर्षं टिकटिकत असणार.

रस्ते मात्र सुरेख. आठ घरांच्या वाडीला जाणारा रस्तासुद्धा डांबरी, कडेचं गवत कापलेलं, वळणावर पाटी. दर उन्हाळ्यात त्यावर डांबराचा नवा हात फिरवून बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांवर सोपवतात. तिथे 'ग्राव्हियाँ' अशी पाटी असते. जिथे दिवसाला सात गाड्या जातात तिथे खडी दबायला किती दिवस लागतात, याचं गणित मी डाव्या कोपरावर सोडवलं. उतारावर होते, पाटी वाचली होती, शब्दाचा अर्थही येत होता. फक्त ब्रेकवरच्या बोटांना तो उशिरा कळला. खडी धुवायला पाणी हवं होतं आणि बाटल्या रिकाम्या होत्या.

इथे एक व्यवसायातलं गुपित सांगते. फ्रान्समध्ये सायकलवाल्याला पाणी मिळतं ते कबरस्तानात. हॉटेल बंद असेल, दुकान कायमचं बंद झालेलं असेल, पण प्रत्येक गावाला कबरस्तान असतं आणि फुलांना घालायला म्हणून तिथे नळ असतो. लोखंडी दार असतं, ते कुरकुरतंच. आत शिरल्यावर भिंतीला नळ, शेजारी खिळ्यांना टांगलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या झाऱ्या. पाणी पिण्याजोगं नसेल तर बहुतेक ठिकाणी तशी पाटी लावलेली असते. ती आधी शोधायची. माझं कोपर त्या नळाखाली धुतलं. समोर ग्रॅनाइटच्या थडग्यावर चिनी मातीची जांभळी फुलं होती, कधीच न सुकणारी, एका पाकळीचा टवका उडालेला. त्यावर अंडाकृती फोटोत एक मिशीवाला माणूस माझ्याकडे बघत होता. मी उगाचच ओढणी सावरल्यासारखा जर्सीचा कॉलर नीट केला.

सोमवारी उपास घडला. बेकरी सोमवारी बंद, किराणा बंद, बारच्या दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी. इतर दिवशीही दुपारी बारा ते दोन सगळं कडीकुलपात. बऱ्याच गावांत तर बेकरीच उरलेली नाही. त्याऐवजी कुठे पावाचं यंत्र आहे, एटीएमसारखं, नाणी टाकली की आतून गरम लादी घरंगळत येते. कुठे पाववाल्याची व्हॅन आठवड्यातून तीनदा हॉर्न वाजवत येते. आधी मला हे गमतीचं वाटलं. यंत्रासोबत फोटोही काढला. तिसऱ्या-चौथ्या गावात ती गंमत ओसरली. 'हॉटेल द ला गार' अशी भिंतीवरची रंग उडालेली अक्षरं, आणि गावात 'गार' म्हणजे स्टेशन नाहीच, रूळही उखडलेले. शाळेच्या इमारतीवर दगडात कोरलेलं 'मुलगे' आणि 'मुली', आणि आत कुणाचंतरी राहतं घर. ज्या घरांच्या निळ्या झडपा बंद आहेत ती मी मोजायला लागले, गाड्या मोजायच्या थांबवून. त्यांचा आकडा बराच मोठा निघाला.

1851 मध्ये क्रोझची लोकसंख्या 2,87,000 होती. आज ती 1,16,000 च्या आसपास आहे. माझ्या शिक्षिकेचं 'तिथे काही नाही' हे असं, आकड्यातलं होतं. मला जी शांतता तीन महिने नकाशावर शोधून सापडली, ती निसर्गाने दिलेली नव्हती. ती माणसं निघून गेल्यावर मागे पडलेली होती. एवढ्या रेघा मुळात आखल्या गेल्या त्या इथे कुणीतरी जात-येत होतं म्हणून.

गेले कुठे, तर पॅरिसला, आणि तेही बांधायला. क्रोझचे गवंडी सगळ्या फ्रान्सला माहीत आहेत. इथली जमीन हलकी, ग्रॅनाइटवर पातळ माती, घरात खाणारी तोंडं जास्त. मार्च उजाडला की पुरुष आणि मिसरूड न फुटलेली पोरं टोळ्या करून निघायची, बराचसा रस्ता पायी, आणि थंडी पडली, चुन्याचं काम थांबलं की परत. शेती बायका ओढायच्या. पॅरिसचे ते सरळसोट बुलवार आणि फिक्या दगडाच्या इमारती, ज्यांच्यासमोर आपण फोटो काढतो, त्यांच्या भिंतींवर या लोकांचे हात लागलेले आहेत. बुर्गानफजवळच्या सुब्रबो गावचा मार्ताँ नादो हा त्यांच्यातलाच. 1830 मध्ये, चौदा वर्षांचा असताना, बापाचं बोट धरून पॅरिसला गेला, गवंडी झाला, पुढे फ्रान्सच्या संसदेवर निवडून गेला. त्याच्या वाडीवरून मी गेले. कुत्रं भुंकलं, एवढीच वर्दळ. मग आगगाडी आली आणि जाणं सोपं झालं. जाणं सोपं झालं की येणं कमी होतं. पुरुष बायकापोरांना घेऊन जाऊ लागले.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमचं मूळ गाव लांज्याजवळ. आजोबा गिरणीत, आजी गावाला. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, ते चाकरमानी म्हणून यायचे. वडिलांना त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेचा वास जास्त आठवतो. आता त्या घराला कुलूप आहे आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची माणसं आधीच्या मोजणीपेक्षा कमी भरली. पुण्यातले आमचे सायकल ग्रुप हल्ली कोकणात राईड काढतात आणि फोटोखाली लिहितात, 'ट्रॅफिक नाही, स्वर्ग!' मीही लिहिलंय. काकूंनी त्यावर अंगठा दिला होता.

बुर्गानफपासून जवळच माबारो-मेरिन्या नावाचं गाव आहे. तिथे 1936 मध्ये सायकलपटू रेमाँ पुलिदोर जन्मला, दुसऱ्याची जमीन बटाईने कसणाऱ्यांच्या घरात. तूर द फ्रान्समध्ये तो तीनदा दुसरा आला आणि पाचदा तिसरा. जिंकला एकदाही नाही. 1964 मध्ये पुय द दोमच्या चढावर तो आणि त्याचा प्रतिस्पर्धी आंकतिल खांद्याला खांदा घासत गेले, आणि शेवटी पॅरिसमध्ये पुलिदोर 55 सेकंदांनी मागे राहिला. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्याची, त्याला एका दिवसापुरतीही मिळाली नाही. 1973 मध्ये पहिल्याच दिवशी ती 80 शतांश सेकंदाने हुकली. एवढं हुकूनही, की हुकल्यामुळेच, फ्रान्सने जिंकणाऱ्या आंकतिलपेक्षा जीव लावला तो 'पुपू'ला. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. 2021 मध्ये त्याचा नातू माथ्यू व्हान डर पूल याने ब्रिटनीतला एक टप्पा जिंकला, पिवळी जर्सी मिळवली आणि शेवटची रेघ ओलांडताना बोट आकाशाकडे केलं. तो टप्पा मी पुण्यात टीव्हीवर पाहिला आणि कारण नसताना रडले. लुदेआकला मी जो वाडगा प्यायले होते त्याची चव तेव्हा जिभेवर आली, हे खरं आहे.

पठारावर चढले तसं आभाळ खाली आलं. वासिव्हिएरचा मोठा जलाशय, मग बीच आणि फरची झाडं, मग नुसतं गवत आणि लिमुझाँच्या तांबूस गायी. सगळ्या एका दिशेला तोंड करून उभ्या असतात आणि तुम्ही जाल तशी ती तोंडं एकत्र वळतात. मिलव्हाश या नावात 'हजार गायी' ऐकू येतात, पण जाणकार म्हणतात नावाचा गायींशी संबंध नाही. गायींना हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

जाँतियूला पोचले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक आहे. मी डबा तिथेच खायचे, कारण तिथे बसायला पायरी असते. पाव, चीज, आणि हेझलनटचा एक कोरडा, साधा, फार चांगला केक, ज्याला इथे 'क्रोझ्वा' म्हणतात. खाताना नावं वाचून व्हायची. एकाच आडनावाची तीन-तीन, चार-चार. वीस घरांच्या गावात तीस नावं. पण बाकी ठिकाणी वर पितळी कोंबडा नाहीतर बंदूक रोखलेला शिपाई असतो. जाँतियूला शाळकरी मुलगा आहे, कांशाचा, पायात लाकडी बूट, एका हातात टोपी. दुसऱ्या हाताची मूठ त्याने दगडावरच्या ओळीकडे उगारली आहे: 'शापित असो युद्ध'. हे 1922 मधलं. सरकारी माणसांनी त्याचं उद्घाटन करायला नकार दिला, आणि जवळच्या लष्करी तळाकडे जाणाऱ्या शिपायांना इथून जाताना मान फिरवायला लावायचे, असं सांगतात. मी केकचा कागद घडी घालून खिशात ठेवला. त्या मुलासमोर कचरा करायची हिंमत झाली नाही. चाकरमानी निदान गणपतीला येतात.

शेवटच्या दिवशी ओब्युसाँच्या दिशेने उतरायचं होतं. सकाळी दहाच्या सुमारास एका वाडीत बाटल्या भरायला थांबले. नेहमीसारखं कबरस्तान, कुरकुरणारं दार. आत एक म्हातारबाबा होते, निळ्या कामाच्या डगल्यात, झारी भरत. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कुणाला शोधताय?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. अनोळखी माणूस इथे येतो तो पणजोबांचं थडगं शोधायला, पॅरिसहून, तूलूझहून. मी बाटली वर केली. "फक्त पाणी, मस्यू."

"हं. पाणी चांगलं आहे." त्यांनी झारी बाजूला घेतली आणि नळ माझ्यासाठी सुरूच ठेवला. कुठून आलात, विचारलं. भारत म्हटल्यावर त्यांनी सायकलच्या चाकांकडे पाहिलं, जणू तिथूनच चालवत आले. मुलगा लियाँला असतो, म्हणाले. मुलगी पॅरिसच्या बाहेर. तूसाँला, म्हणजे 1 नोव्हेंबरला, येतात दोघं. शेवंतीच्या कुंड्या आणतात. मधल्या काळात पाणी घालायचं काम यांचं, आणि फक्त आपल्या घरच्यांना घालून कसं चालेल, म्हणून पूर्ण रांगेला. रांग लांब होती.

मी नकाशा काढला. ओब्युसाँला इथून दोन पांढऱ्या रेघा जात होत्या, एक ओढ्याच्या अल्याडून, एक पल्याडून. सवयीने विचारलं, "कोणत्या रस्त्याला गाड्या कमी?"

त्यांनी दोन्ही रस्त्यांकडे आळीपाळीने पाहिलं. प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला असावा. "इकडून अकराला पोस्टाची गाडी येते," ते म्हणाले. "तिकडून येत नाही."

मी घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते. मी इकडचा रस्ता धरला.